बाबांच्या घाटासाठी ग्राफिक्स कार्ड

एका गुरुवारी सकाळी बाबांनी त्यांच्या मोटारसायकलची चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "ठेव तुह्याजवळ. माहा हात गेला आता."

मी दचकून त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही जागच्या जागी होते. डाव्या हातात चहाची बशी होती आणि काठोकाठ भरलेल्या बशीतला चहा हलतसुद्धा नव्हता.

"कुठं ठोकली गाडी?" मी विचारलं.

"घाटात. तिसऱ्या खेपेले."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला. भांड्यात पडला, कारण ती गाडी खरी नव्हती, माझ्या कॉम्प्युटरवरच्या खेळातली होती. बाहेर आला, कारण बाबांना तो फरक मान्य नव्हता.

बाबा एस.टी.चे ड्रायव्हर. एकतीस वर्षं त्यांनी लाल गाडी चालवली, त्यातली बरीचशी मेडशीच्या घाटातून, आणि एकतीस वर्षांत साधा ओरखडा नाही. आम्ही राहतो मालेगावला. नाशिककडच्या नव्हे, आमच्या, वाशीम रोडवरच्या, जहांगीर मालेगावला. हे दरवेळी सांगावं लागतं याचा मला मनापासून राग आहे. मी मागवलेला कीबोर्डसुद्धा आधी तिकडे फिरून आला होता. तर या मालेगावात बाबांची ख्याती अशी, की यांच्या गाडीत खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्या घाट संपेपर्यंत झोपलेल्या असत. निवृत्तीनंतर त्यांचा मोतीबिंदू काढला, डॉक्टरांनी मोटारसायकल चालवायला हरकत नाही म्हटलं, आणि तेव्हापासून दर गुरुवारी ते मंगरूळपीरला जाऊ लागले. तिथं त्यांचे जुने कंडक्टर राहतात. अकरा वर्षं दोघांनी एका गाडीवर काढली. मी त्यांना चाचा म्हणतो. दर्ग्याजवळच्या हॉटेलात दोघं मिळून एक चहा दोन तास पीत आणि दिवस मावळायच्या आत बाबा परत येत. आठवड्यातले उरलेले सहा दिवस बाबा गुरुवारची वाट पाहत. आईसुद्धा पाहत असे.

खेळाचं खूळ घरात मीच आणलं. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. दिवसभर विद्यार्थ्यांनी फोडलेल्या परीक्षानळ्या गोळा करायच्या आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर राक्षस मारायचे, असा माझा सरळ संसार. एकदा हौसेनं कुणाचं तरी वापरलेलं स्टिअरिंग घेतलं, सोबत पायाखाली ठेवायचे क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "एवढंसं? याच्याहून मोठी ताटली हाये आपल्या घरी." पण म्हणता म्हणता खुर्चीत बसले, पाय पेडलवर ठेवले, आणि त्यांचा डावा हात आपोआप हवेत गिअर शोधू लागला. मी गिअर आणि हँडब्रेकचे दांडेही आणून जोडले आणि त्यांना बस चालवायचा एक खेळ टाकून दिला. परदेशातला डोंगराळ मुलूख होता, पण तिकडे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. आठ दिवसांत बाबांनी त्या देशाचं बारसं उरकलं. मेंढ्यांच्या कुंपणाजवळचा थांबा म्हणजे मेडशी, दगडी पुलाजवळचा पातूर, आणि मधला वळणावळणाचा रस्ता म्हणजे अर्थातच घाट.

त्या घाटात एक गळाच्या आकड्यासारखं वळण आहे. डावीकडे कडा आणि धबधबा, उजवीकडे दरी, वर दाट झाडी, आणि तिथं बारा महिने पाऊस. कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरची चित्रं काढायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. माझं जुनं कार्ड सपाट रस्त्यावर सेकंदाला साठ चित्रं काढायचं. त्या वळणावर आलं की एवढं पाणी आणि एवढी पानं पाहून त्याचा धीर सुटायचा आणि ते नऊवर यायचं. नऊ चित्रांत वळण घ्यायचं म्हणजे डोळे मिटून, मधून मधून उघडून गाडी चालवायची. बाबा स्टिअरिंग फिरवत तेव्हा पडद्यावर काहीच होत नसे. मग एकदम सगळं व्हायचं, आणि बस कठड्यावर जायची.

"बाबा, थो कार्डाचा दोष हाये," मी म्हणालो. "तुमचा नाई."

हे बोलायला नको होतं. बाबांचा एक नियम आहे. गाडी ताब्यात घेण्याआधी हवी तेवढी तपासा, टायरला काठी मारा, पाणी पाहा, पटत नसेल तर डेपोबाहेर काढू नका. पण एकदा ताब्यात घेतली की तिचे सगळे दोष आपले. ब्रेक लागला नाही, असं जबाबात लिहिणारा ड्रायव्हर त्यांच्या मते ड्रायव्हरच नव्हे.

"एकतीस वर्षं म्या गाडीचा दोष काढला नाई," ते म्हणाले. "आता काढू?"

ज्याचा हात गेला त्यानं रस्त्यावर येऊ नये, मग तो रस्ता कोणत्याही देशातला असो. चावी माझ्याकडे आली ती अशी.

पुढचे दोन गुरुवार मी त्यांना मागे बसवून मंगरूळला नेलं. ते दोन गुरुवार मी जन्मात विसरणार नाही. एकतीस वर्षं पुढे बसलेला माणूस मागे बसला तरी चालवायचं काही सोडत नाही. शेलूबाजार येईपर्यंत त्यांनी मागून अकरा वेळा ब्रेक मारला, म्हणजे माझ्या उजव्या घोट्यावर आपला बूट दाबला. "खड्डा हाये." "म्हैस येऊन राह्यली." "थ्या ट्रॅक्टरवाल्याले जाऊ दे." "तुले काहून एवढी घाई?" मंगरूळला उतरलो तेव्हा माझा घोटा सुजला होता आणि आमच्यात बोलणं उरलं नव्हतं. चाचांनी बाबांना मागच्या सीटवरून उतरताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्या दिवशी चहा वीस मिनिटांत संपला.

तिसऱ्या गुरुवारी बाबा म्हणाले, "राहू दे, ऊन लय हाये," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ऊन आमच्याकडे नेहमीच लय असतं. वऱ्हाडात उन्हाचं कारण सांगून कुणी घरी बसलं तर त्याला दुसरंच काही दुखत असतं. हे आईला कळलं, मलाही कळलं, आणि मला फार वाईट वाटलं.

आधी मी फुकटातला उपाय केला. खेळात चित्रांचा दर्जा कमी करता येतो. मी सावल्या काढून टाकल्या, पाऊस काढून टाकला, झाडांची पानं काढून टाकली. वळणावरचा आकडा नवावरून चाळिसावर गेला. मोठ्या खुशीत मी बाबांना आग्रह करकरून खुर्चीत बसवलं. ते डोळे बारीक करून पडद्याकडे पाहत गाडी हाकू लागले. मैलाचा दगड आला, पण वाचता येईना. तो दगड नसून खव्याचा गोळा दिसत होता. बाबांनी गाडी कडेला घेतली, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यासारखं शर्टाचं टोक ओढून त्यानं पुसला, पुन्हा लावला.

"मोतीबिंदू परत आला," ते म्हणाले.

म्हणजे आधी हात गेला होता, आता माझ्या कृपेनं डोळेही गेले. मी निमूट सगळं होतं तसं केलं आणि ठरवलं, की त्या वळणावर न डगमगणारं नवं कार्ड आणायचं. बाबांच्या हातात दोष नाही हे त्यांना सांगून पटणार नव्हतं, दाखवावं लागणार होतं.

आता मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड निवडणं हा काय ताप आहे ते सांगतो. अगदी स्वस्त घेणाऱ्याला निवड नसते आणि अगदी महाग घेणाऱ्याला अक्कल लागत नाही. सगळं मरण मधल्याचं. इंटरनेटवर एक जण सांगतो हे घ्या, दुसरा सांगतो हे घेणारा मूर्ख, आणि तिसरा म्हणतो अजून थोडे टाका आणि वरचं घ्या. या तिसऱ्याचं ऐकत गेलं तर माणूस वावर विकूनच थांबेल. महिनाभर मी असे व्हिडिओ पाहिले आणि शेवटी दोन कार्डं उरली. एक लाल डब्यातलं, एक हिरव्या डब्यातलं. कंपन्यांची नावं घेत नाही, दोन्हींचे भक्त फार भांडखोर आहेत. किंमत जवळपास सारखी. लाल कार्डाची मेमरी सोळा जीबी, पंखे दोन, आणि विजेची भूक मोठी. हिरव्याची मेमरी आठ जीबी, पंखे तीन, वीज कमी, आणि त्याच्याकडे एक जादू होती. दोन खऱ्या चित्रांच्या मधे ते आपल्या मनानं आणखी एक चित्र काढून घुसवायचं. त्यामुळे साठाचे एकशेवीस दिसत.

मी प्रयोगवहीच्या आखीव कागदावर पेन्सिलनं तक्ता केला. सगळ्यांत वर जुन्या कार्डाचे दोष लिहिले. एक, वळणावर अडखळतं. दोन, थांब्यावर प्रवासी चढून दार लागलं तरी बस अर्धा मिनिट अडकून पडते. हा दुसरा दोष मी बाबांच्या मागे उभं राहून स्वतः टिपला होता. त्याखाली दोन्ही कार्डांची तुलना, बारा ओळींत. आणि खरं सांगतो, त्या तक्त्यात मी लबाडी केली. हिरव्या कार्डावर माझे राक्षस फार देखणे दिसत. म्हणून बाबांच्या घाटाला एक ओळ दिली आणि राक्षसांना अकरा. हिरवं कार्ड भरघोस मतांनी निवडून आलं. अशा निवडणुका आपल्याकडे नव्या नाहीत.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तक्ता घरच्यांसमोर ठेवला. आईनं तो वाचला नाही.

"पंखे किती?" तिनं विचारलं.

"हिरव्याले तीन, लालले दोन."

"मंग तीनवालं घे ना. उन्हाया लागून राह्यला."

तिच्यापुरती चर्चा संपली. मला तिला हसायचा हक्क नव्हता. आदल्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर गार राहावा म्हणून मीच तो पाण्याच्या कूलरसमोर ठेवला होता, आणि आठ दिवसांत त्याच्या पत्र्यावर गंज चढला होता. आमच्या भागात सगळी अक्कल शेवटी पंख्याशी येऊन थांबते.

बाबांनी मात्र चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "तुह्यासाठी घेतो ना? घे तुले आवडते थे," म्हणाले, पण त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे मधलं चित्र मनानं काढते म्हंजे काय?"

मी उत्साहानं समजावलं. पहिलं चित्र खरं, तिसरं खरं, दुसरं कार्ड अंदाजानं काढतं.

"म्हंजे रस्त्यावर नाई थे दाखवते?"

"तसं नाई. अंदाज बरोबर असते बहुतेक."

"बहुतेक," बाबा म्हणाले. "आन् ड्रायव्हरनं ब्रेक कोणच्या चित्रावर मारायचा? खऱ्या का खोट्या?"

मी तक्ता जरा माझ्याकडे ओढला. कारण ते ब्रेक दाबतील तेव्हा कार्ड मधलं चित्र रंगवत बसलेलं असेल आणि गाडी किंचित उशिरा ऐकेल, हे मला माहीत होतं. तक्त्यात ती ओळ नव्हती.

"आन् हे आठ आन् सोळा?"

"मेमरी. सामान ठेवाची जागा समजा. झाडं, पाणी, दगड, सारं तठी ठेवा लागते."

"घाटात सामान किती असते?"

हे मी पाहिलंच नव्हतं. मी उठलो आणि त्या खेळाचं लोकांनी केलेलं मोजमाप शोधून काढलं. त्या वळणावर साडेअकरा जीबी लागत होते. म्हणजे माझ्या तक्त्यातून निवडून आलेलं हिरवं कार्ड नेमकं बाबांच्या वळणावर भरून वाहिलं असतं. पुन्हा झटका, पुन्हा कठडा, आणि तोही नव्या कोऱ्या कार्डावर. मग हात गेला हे कायमचं सिद्ध झालं असतं. महिनाभराच्या व्हिडिओंनी जे सांगितलं नाही ते या माणसानं तीन प्रश्नांत बाहेर काढलं होतं. किंवा व्हिडिओंनी सांगितलं असेल, मीच राक्षसांच्या नादात ऐकलं नसेल. मी खोडरबर घेतला आणि लाल कार्ड पक्कं केलं.

खरेदीला आम्ही वाशीमला गेलो, बसनं, कारण माझा घोटा. कॉम्प्युटरचं खोकं, म्हणजे कॅबिनेट, मी मांडीवर घेतलं होतं. माझ्या ओळखीचा दुकानदार पत्र्याचं काम करणाऱ्या घरातला आहे. त्याचे आजोबा लोखंडी पेट्या करायचे, वडील कूलर करायचे, हा कॉम्प्युटर विकतो. पण उन्हाळा लागला की घराण्याचं रक्त उसळतं आणि अर्धं दुकान कूलरनं भरून जातं. कॉम्प्युटरपर्यंत पोचायला कूलरांच्या रांगेतून आडवं होऊन सरकावं लागतं.

त्यानं आधी एक वापरलेलं कार्ड पुढे केलं. "दादा, तेवढ्याच पैशात वरचा माल. एकाच मालकानं वापरेल हाये."

मी हात पुढे करायच्या आत बाबांनी ते घेतलं. ताब्यात घेण्याआधी तपासायचं, हा नियम. त्यांनी कार्ड उलटं केलं, पंखा बोटानं फिरवून कानाशी नेला आणि मग कार्ड नाकाशी धरलं.

"लय तापेल हाये हे," ते म्हणाले. "क्लच प्लेट जळाली का असा वास येते. कोनं तरी चढावर हाफ क्लचवर दामटली हाये."

दुकानदारानं बाबांकडे पाहिलं आणि कार्ड खणात परत ठेवलं. ते वर्षभर अखंड चालू होतं, क्षणभरही बंद न ठेवता, हे त्यानं स्वतःहून कबूल केलं. "काका, तुमी कोणच्या लायनीत?"

"एस.टी."

"तरीच."

त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही. सगळं बाबांना दाखवू लागला. "काका, कार्ड म्हंजे कूलरच. हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते, तेवढं पाहा. पंखे दोन का तीन, त्याच्यावर काई नाई." हे आईला सांगायला तुम्ही घरी चला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

लाल कार्ड डब्यातून निघालं. बाबांनी त्याचाही वास घेतला आणि मान हलवली. वीज पुरवणारा डबा पुरेसा निघाला, कारण तो मी निवडलेला नव्हता. आणि मग कार्ड कॅबिनेटमध्ये बसेना.

मी कॅबिनेटची लांबी बाहेरून मोजली होती. विद्यार्थ्यांना व्हर्निअर कॅलिपर धरायला शिकवणारा माणूस मी, आणि आत हार्ड डिस्कचा पिंजरा आहे हे विसरलो होतो. दोन बोटं जागा कमी पडत होती. मी घाम पुसत म्हणालो, "दुसरं कॅबिनेट पाह्यू."

"कायले?" बाबा म्हणाले. "पत्राच हाये ना?"

दुकानदाराचा चेहरा उजळला. त्यानं आतलं सगळं सोडवून बाजूला ठेवलं आणि वडिलांची पत्रा कापायची कात्री काढली. बाबांनी पिंजरा धरला, त्यानं कापला, हाताला लागू नये म्हणून कड कूलरच्या कडेसारखी हातोडीनं दुमडली. दोघं असे रंगले होते की मला पाणी आणायला पाठवण्यात आलं. बाबांच्या हातातला पत्रा कात्रीखाली तसूभर हलला नाही, हे मी पाण्याचा जग घेऊन उभ्या उभ्या पाहिलं. पण त्यांना तसं सांगून काही उपयोग नव्हता.

मी चाचांना फोन करून गुरुवारी घरी बोलावलं. ते यायच्या आधी त्या वळणावर मी स्वतः बस नेऊन पाहिली. सेकंदाला अठ्ठावन्न चित्रं. पाणी पाण्यासारखं, रस्ता रस्त्यासारखा. आणि नेमकं तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. समजा, आज बाबांनी पुन्हा ठोकली तर? आता दोष द्यायला जुनं कार्ड उरलं नव्हतं. समजा, हात खरंच गेला असेल तर? मला तो विचार सोसेना. खेळात एक सोय असते. ती चालू केली की वळणावर बस थोडा ब्रेक आपणच मारते आणि स्टिअरिंगही जरा सावरून घेते. मी ती चालू केली आणि कुणाला सांगितलं नाही.

दुपारी चाचा आले. बाबा आधी नाही म्हणाले, मग चाचांनी नुसतं खुर्चीकडे पाहिलं, तेव्हा बसले. मागे स्टुलावर चाचा, हातात चहाचा स्टीलचा पेला. दाराशी आई. खेळ सुरू झाला. मेंढ्यांच्या मेडशीला प्रवासी चढले, दार लागलं. आणि बस उभी.

दहा सेकंद गेले, वीस गेले. दुसरा दोष तसाच होता. मी कॅबिनेटच्या मागे वाकलो, वायर चेपल्या, कीबोर्डवर काहीबाही दाबलं. "अडकलं," मी म्हणालो. "हे बी अडकलं." बाबा क्लच दाबून शांतपणे समोर पाहत होते.

"अडकलं नाई," चाचा म्हणाले. "थो कसा हलन? घंटी कुठं झाली?"

आणि त्यांनी चमचा पेल्यावर दोनदा वाजवला. बाबांनी क्लच सोडला. बस निघाली.

एक घंटी थांबायची, दोन घंट्या निघायच्या. कंडक्टरनं दोन मारल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे बाबांच्या हाडात मुरलेलं. इतके दिवस ते प्रत्येक थांब्यावर घंटीची वाट पाहत होते, आणि मी ते जुन्या कार्डाच्या नावावर लिहून दोन नव्या कार्डांचा वेग त्यासाठी तपासत बसलो होतो.

"मंग इतके दिवस गाडी कशी काढत होते तुमी?" मी विचारलं.

"मनात मारत होतो," बाबा म्हणाले. त्यांची नजर रस्त्यावर होती.

बस घाटात शिरली. वळण आलं, धबधबा आला, पाऊस आला, आणि बस लोण्यातून सुरी जावी तशी वळून पलीकडे निघाली. पातूरला थांबली. आईनं सुटकेचा निःश्वास सोडला. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात बाबांनी हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"ब्रेक कोनं मारला?"

"तुमीच," मी म्हणालो.

"वळणाच्या आधी माहा पाय ब्रेकवर नव्हता. गाडी पह्यलेच दबली. दुसरं कोन चालवून राह्यलं?"

मी कबूल केलं. खोटं बोलणं जमलंही नसतं. चाचा मान हलवत म्हणाले, "बेटा, परीक्षेत पोट्ट्याले उत्तर सांगा तसं केलं तू. या मानसाले?" बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "काढ थे."

मी ती सोय बंद केली. तोवर त्यांचे हात स्टिअरिंगवर परत गेले होते.

पुन्हा मेडशी. चमचा दोनदा वाजला. पुन्हा घाट. या खेपेला मी रस्त्याकडे पाहिलंच नाही, कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहत राहिलो. अठ्ठावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. कार्ड आपलं काम करत होतं, आता उरले होते फक्त बाबा. वळण आलं. बाबांनी ब्रेक धरला, गिअर खाली घेतला, स्टिअरिंग फिरवलं, बस वळली, आणि कड्याच्या बाजूनं खट् असा आवाज झाला. डावा आरसा खडकाला लागून पडला होता.

मला वाटलं, संपलं. बाबांनी गाडी थांबवली नाही. पातूरपर्यंत नेली, थांब्याला नीट लावली, हँडब्रेक ओढला, आणि मग मागे रेलून हसले. कित्येक आठवड्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"आरसा गेला," ते म्हणाले. "थो माहा. स्टिअरिंग लवकर सोडलं म्या. मले हातात समजलं." मग त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यात पडलेल्या माझ्या जुन्या कार्डाकडे पाहिलं. "आन् थ्या तीन खेपा मले हातात काईच समजलं नव्हतं. थो गाडीचा दोष होता."

चाचांनी पेला खाली ठेवला. "एवढ्या वर्षांत पह्यल्यांदा आयकून राह्यलो," ते म्हणाले. "लिहून दे."

बाबांनी माझ्यापुढे तळहात धरला. चावी इतके दिवस मी खिशातच घेऊन हिंडत होतो, का ते मला सांगता येणार नाही. मी ती त्यांच्या हातावर ठेवली.

चाचांची परतीची बस साडेचारची होती. बाबा म्हणाले, स्टँडवर मीच सोडतो. आईनं चाचांच्या घरी द्यायला स्टीलचा डबा भरून दिला. अंगणात बाबा मोटारसायकलवर बसले आणि सगळ्यांत आधी आरसा धरला. तो मी माझ्या उंचीला वळवून ठेवला होता. त्यांनी तो हळूहळू फिरवून आपल्या डोळ्यांसमोर आणला. चाचा मागे बसले. बाबांनी गाडी सुरू केली, क्लच दाबला, गिअर टाकला, आणि उभे राहिले.

"आता काय झालं?" दारातून आई म्हणाली.

चाचांनी बोटातली अंगठी डब्यावर दोनदा वाजवली, बाबांनी क्लच सोडला आणि गाडी निघाली.